मुका मार म्हणून घरी पाठवू नकोस

अगं, बंधपत्राची ऑर्डर आली आणि भामरागडकडचं प्राथमिक आरोग्य केंद्र मिळालं, हे सांगताना तुझा आवाज बारीक झाला होता. सापाचं विचारलंस, मलेरियाचं विचारलंस, अडलेल्या बाळंतपणाचं विचारलंस. ते सगळं तुला तिथल्या सिस्टर आणि आशाताई माझ्याहून चांगलं शिकवतील. मी मात्र तुला एका वेगळ्याच रुग्णाबद्दल सांगणार आहे, कारण त्याच्याबद्दल तू विचारलं नाहीस. पोटाला मुका मार लागलेला माणूस. अंगावर जखम नाही, रक्त नाही, स्वतःच्या पायाने चालत येतो आणि बाकावर बसून म्हणतो, "काई नाई मॅडम, पोट थोडं दुखून रायलं." आणि आत त्याचं आतडं फाटलेलं असतं.

असा रुग्ण गोळी घेऊन घरी गेला, की दोन दिवसांनी परत येतो तेव्हा पोट फुगलेलं, डोळे खोल गेलेले, नाडी हाताला लागत नाही. तेव्हा कोणताही सर्जन असला तरी त्याचे हात बांधलेले असतात. म्हणून त्याचं पहिलं येणं महत्त्वाचं, आणि तेव्हा समोर तू असणार आहेस.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत हा मार कुठून कुठून येतो ते आधी ध्यानात घे. मोटारसायकलवरून तिघं जाताना मध्येच जनावर आडवं येतं. ट्रॅक्टर बांधावरून उलटतो आणि स्टिअरिंग पोटात रुततं. गोऱ्हा धडक देतो किंवा बैल लाथ मारतो. चारोळीच्या झाडावरून, गोरग्याच्या झाडावरून माणूस खाली येतो. रानडुक्कर पाडतं. २०२१ पासून छत्तीसगडकडून आलेले रानटी हत्ती गडचिरोली जिल्ह्यात वावरताहेत, तेही आहेच. चंद्रपूरकडे कोळशाच्या खाणी, एटापल्ली-आलापल्ली रस्त्यावर लोहखनिजाचे ट्रक. शाळकरी पोरं सायकलवरून पडतात आणि हँडलचं टोक पोटात घुसतं. पोराच्या पोटावर रुपयाएवढा गोल निळा डाग दिसला, तर तेवढ्यावरूनच त्याला ठेवून घे. आणि एक मार असा, जो घरात बसतो आणि दवाखान्यात त्याचं नाव "पाय घसरला" असं होतं. त्याच्याबद्दल पुढे सांगते.

आता आतडंच का फाटतं? समोरून दाब आला की आतड्याला मागे सरकायला जागा नसते, मागे पाठीचा कणा असतो. दोन्हींच्या मध्ये ते चिरडतं. किंवा वाताने-पाण्याने भरलेला एखादा वेटोळा दोन्हीकडून बंद होतो आणि आतल्या दाबाने फुटतो. तिसरा प्रकार ओढाताणीचा. वेगात असलेला माणूस एकदम थांबतो, पण आतडं पुढे जात राहतं. जिथे ते पक्कं बांधलेलं असतं, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीला आणि ते मोठ्या आतड्याला मिळतं तिथे, ते तुटतं. पोट उघडल्यावर या दोन जागा सर्जन आवर्जून पाहतो.

आणखी एक इजा असते, तिची भीती मला जास्त वाटते. आतड्याला रक्त पुरवणारा जो पडदा असतो, मेसेंटरी, तो नऊवारीच्या निऱ्यांसारखा असतो: मागे कण्यापाशी वीतभर जागेत खोचलेला आणि काठाशी कित्येक हात पसरलेला. त्याचा काठ आतड्यापासून सुटला तर आतडं त्या दिवशी शाबूत दिसतं, पण त्याचं रक्त बंद झालेलं असतं. ते हळूहळू काळं पडतं आणि तीन-चार दिवसांनी फुटतं. रुग्ण तर तोपर्यंत अपघात विसरलेलाही असतो.

लिव्हर किंवा प्लीहा फाटली तर रक्त वाहतं, माणूस पांढरा पडतो, तुझं लक्ष आपोआप तिकडे जातं. आतडं असं ओरडून सांगत नाही. लहान आतड्याच्या वरच्या भागातला द्रव फार आम्लही नसतो आणि त्यात जंतूही कमी असतात. तो सांडला तरी पहिले काही तास पोट मऊ राहू शकतं. तुला आतड्यांचे आवाज ऐकू येतील, माणूस पाणी मागेल, गप्पा मारेल. त्यावर विश्वास ठेवू नकोस. मोठ्या अपघातांच्या आकड्यांत ही इजा फार थोड्यांना होते, शंभरात एखाद्याला. म्हणून तर ती नजरेतून सुटते. पण उशीर झाला की काय होतं याचा हिशेब लोकांनी मांडलाय. अमेरिकेतल्या ट्रॉमा केंद्रांमधल्या, लहान आतड्याची इजा हीच मुख्य इजा असलेल्या रुग्णांचा अभ्यास २००० साली छापून आला. आठ तासांच्या आत ऑपरेशन झालेल्यांत मृत्यू २ टक्के. आठ ते सोळा तासांत ९ टक्के. सोळा ते चोवीस तासांत सुमारे १७. आणि चोवीस तास उलटल्यावर ३१ टक्के. हे आकडे सगळ्या सोयी असलेल्या रुग्णालयांतले आहेत, बरं का. भामरागडहून गडचिरोली पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, आणि तिथून नागपूर पुन्हा जवळपास तेवढंच. तुझे आठ तास रस्त्यातच जाऊ शकतात. म्हणून शंका घ्यायचं काम तुलाच करावं लागणार.

शंका घ्यायची कशी ते सांगते. आधी मार कसा लागला ते नीट ऐक. माडिया येत नसेल तर दुभाषी म्हणून नातेवाइकाला नको, सिस्टरला किंवा आशाताईला बसव, कारण नातेवाईक गाळून सांगतो. किती उंचीवरून पडला, पोटावर काय आदळलं, किती वाजता. मग कपडे पूर्ण काढून बघ. पट्ट्याचा वळ, हँडलचा डाग, टायरची खूण. सीट बेल्ट लावलेल्या माणसाच्या पोटावर आडवा वळ दिसला तर आतड्याची आणि कमरेच्या मणक्याची, दोन्हींची शंका घे. (त्यासाठी कोणी बेल्ट सोडायला नको, बेल्टमुळे जीव वाचतो.) पोटावर हात ठेवताना हात गरम करून घे आणि नजर पोटावर नाही, चेहऱ्यावर ठेव. खोकायला सांग. लहान पोराला जमिनीवर उडी मारायला सांग. पोट धरून बसलं, तर समज.

नाडी मात्र खोटं बोलत नाही. पहिल्या तासात ८८, दोन तासांनी ९६, चार तासांनी ११० असे आकडे कागदावर एकाखाली एक दिसले, तर रिपोर्टची वाट पाहू नकोस. म्हणूनच माझा आग्रह आहे की एकाच माणसाने, म्हणजे तूच, दर दोन तासांनी पोट तपासायचं आणि वेळ घालून लिहायचं: नाडी, बीपी, श्वास, ताप, लघवी, पोट कुठे दुखतं, ताठ आहे का. एकदा तपासून "ठीक आहे" लिहिण्याला या आजारात काही किंमत नाही. दुखणं वाढत गेलं, उलटी सुरू झाली, पोट फुगायला लागलं, खांदा दुखायला लागला, तर निर्णय झालाच. काहीच वाढलं नाही तरी पोटात जराही दुखत असेल तर चोवीस तास सोडायचं नाही.

काही रुग्णांच्या पोटावर विसंबून राहताच येत नाही. ज्याने मोहाची घेतलीय, ज्याच्या डोक्याला मार आहे, ज्याची मांडी मोडलीय आणि तिकडेच सगळं दुखणं गोळा झालंय, त्याचं पोट मऊ लागलं तरी त्याचा अर्थ काही नाही. गरोदर बाईचंही तसंच. तिला डाव्या कुशीवर निजवून तपास आणि बाळाचे ठोकेही ऐक.

इथल्या मातीतल्या चार गोष्टी पुस्तकात नसतात. आपल्या या भागात सिकलसेल पुष्कळ आहे. सिकलच्या क्रायसिसमध्येही पोट भयंकर दुखतं. मग ज्याच्याकडे सिकलचं कार्ड आहे त्याचं दुखणं "नेहमीचंच" म्हणून बाजूला पडू शकतं. झाडावरून पडलाय की नाही ते विचारायचं राहून जातं. मलेरियाने ज्यांची प्लीहा वाढलेली असते त्यांना हलका धक्काही पुरतो, प्लीहा फाटायला. डावीकडच्या फासळीखाली हात गेला आणि प्लीहा लागली तर मार किरकोळ होता ही समजूत सोडून दे. हिमोग्लोबिन ८ दिसलं तर ते आज रक्त गेल्यामुळे की मुळातच तेवढं, हे एका आकड्यावरून कळत नाही. दोन-चार तासांनी पुन्हा कर. आणि पोटावर बिब्ब्याचे ताजे डाग दिसले तर ओळख, की दुखणं तुझ्याकडे येण्याआधीच सुरू झालं होतं. तास तिथून मोजायला लाग.

गावात दुखण्यावर उपाय करणाऱ्या पुजाऱ्याबद्दल एक सांगायचं राहिलं. पोट दुखलं की बेंबी सरकली म्हणून चोळायचं, ही रीत सगळीकडे आहे, आपल्या आजीकडेही होती. फाटलेल्या आतड्यावर चोळणं घातकच. पण त्यासाठी पुजाऱ्याशी वैर धरू नकोस. त्याच्याकडे जा, मान देऊन बस आणि एवढंच मागणं माग की पडलेला, आदळलेला, मार खाल्लेला माणूस आला तर पोट न चोळता माझ्याकडे पाठवा. गावाचा त्याच्यावर विश्वास आहे, आणि तुझ्यावर बसायला वेळ लागणार आहे. गावातली माणसं शिकत नाहीत असं तुला कोणी सांगितलं तर ऐकू नकोस. याच गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी आणि अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायला शिकवलं, आणि ते काम १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलं. त्यांना ते जमलं, तर तुझ्या आशाताईंना नाडी मोजणं आणि "मार लागला, पोट दुखतंय, काही खायला देऊ नका" एवढं सांगणं नक्की जमेल.

तपासण्यांचं थोडक्यात. उभ्याने छातीचा एक्स-रे काढता आला तर काढ, पण आधी दहा मिनिटं बसवून ठेव म्हणजे हवा वर चढते. श्वासपटलाखाली हवेची चंद्रकोर दिसली तर बात संपली, ऑपरेशन. नाही दिसली तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. लहान आतडं फाटलेल्या कित्येकांत ती दिसत नाही. सोनोग्राफीत पोटात पाणी आहे का एवढं कळतं, भोक दिसत नाही. पाणी आहे आणि लिव्हर-प्लीहा चांगल्या आहेत, असा रिपोर्ट आला की आतड्याचा विचार कर. बारीक सुईने पोटातलं पाणी ओढलं आणि पित्त किंवा अन्नाचे कण आले तर शंका उरत नाही. सीटी स्कॅन सगळ्यात चांगला, पण तोही देव नाही. २००३ च्या एका मोठ्या पाहणीत आतडं फुटलेल्या साधारण १३ टक्के रुग्णांचा सीटी सुरुवातीला नॉर्मल आला होता. मशिनं तेव्हापासून सुधारली, तरी सीटीचा कागद घेऊन आलेल्या माणसाच्या पोटावर हात ठेवायचं सोडू नकोस. सायकलच्या हँडलाचं पोर एक-दोन दिवसांनी हिरवी उलटी करायला लागलं तर ड्युओडिनमच्या भिंतीत रक्त साकळलं असू शकतं. ते बहुतेकदा नाकातली नळी आणि सलाईनवर दोन-तीन आठवड्यांत मोकळं होतं. पण ते ठरवायचं सर्जनने, तू नाहीस.

तुझ्या हातातलं काम साधं आहे आणि तेच जीव वाचवतं. तोंडाने काही नाही, चहाही नाही, कितीही गयावया केली तरी. एनिमा नाही, जुलाब नाही. दोन जाड सुया, आरएल सुरू. बीपी पडलं असेल तर पाचशे मिलीचे टप्पे, आणि डोक्याला मार नसेल तर सिस्टोलिक नव्वदच्या आसपास आलं की पाणी ओतत बसू नकोस. नाकातून रायल्स ट्यूब, लघवीची नळी. मोठ्या माणसाला तासाला किलोमागे अर्धा मिली लघवी हवी, पोराला एक मिली. सेफ्ट्रियाक्झोन आणि मेट्रोनिडॅझोल शिरेतून. धनुर्वाताचं इंजेक्शन. रक्तस्रावाची शंका असेल आणि मार लागून तीन तास झाले नसतील तर ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड एक ग्रॅम दहा मिनिटांत. दुखणं कमी करायचं औषध दे गं. वेदना कमी केली तर निदान लपतं, ही जुनी भीती आता कोणी मानत नाही. फक्त शॉकमध्ये डायक्लोफिनॅक नको, किडनी जाते. अंगावर घोंगडी टाक. सिकलवाल्याला तर गारठा, तहान आणि ऑक्सिजनची कमी, तिन्ही सोसत नाहीत.

आणि पाठवायचं. १०८ ला फोन लाव, पण त्याआधी जिथे पाठवणार तिथे लाव. सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघं आज आहेत का, हे विचारल्याशिवाय गाडी सोडू नकोस. अहेरीचं उपजिल्हा रुग्णालय, गडचिरोलीचं जिल्हा रुग्णालय, चंद्रपूरचं २०१५ साली सुरू झालेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, नागपूरचं मेडिकल. यांतलं जवळचं कोणतं हे किलोमीटरवर ठरत नाही, सुरी धरणारा माणूस जागेवर आहे का यावर ठरतं. चिठ्ठीत माराची वेळ, दर दोन तासांची नाडी आणि दिलेली औषधं लिही. हेमलकशाला १९७३ पासून लोकबिरादरीचा दवाखाना आहे. तिथल्या डॉक्टरांशी पहिल्याच आठवड्यात ओळख करून घे. त्या रस्त्याचं आणि त्या माणसांचं त्यांना जेवढं कळतं तेवढं आपल्याला कळायला वर्षं लागतील.

पावसाळ्याचा नियम वेगळा ठेव. पर्लकोटेचं पाणी पुलावर चढलं की भामरागडचा संपर्क तुटतो. आतल्या पाड्यांवरून माणसाला खाटेची कावड करून आणतात, वाटेत नाले. आकाश भरून आलं असेल आणि पोटाची शंका निम्मी असेल, तरी पूर यायच्या आधी पाठव. नंतर काही निघालं नाही म्हणून कोणी हसलं तर हसू दे.

घरच्यांना ऑपरेशन समजावून सांगायचं कामही तुझ्याच गळ्यात पडेल, कारण पुढच्या रुग्णालयात त्यांच्याशी इतक्या निवांत कोणी बोलेलच असं नाही. सांग, की पोट मधोमध उघडतात, आधी रक्त थांबवतात, मग आतडं सुरुवातीपासून गुदाशयापर्यंत दोन्ही बाजूंनी बघतात. एक भोक असेल तर कडा साफ करून शिवतात. भोकं जवळजवळ असतील किंवा आतडं काळं पडलं असेल तर तेवढा तुकडा काढून टोकं जोडतात. मोठं आतडं फुटलं, उशीर झाला, पोटात घाण पसरली, तर पोटावर शौचाची वाट काढून पिशवी लावतात. या पिशवीनेच घरचे घाबरतात आणि सही नाकारतात. ती बहुतेकदा काही महिन्यांपुरती असते आणि नंतर बंद करतात, हे आधीच सांगितलंस तर निम्मी भीती जाते. माणूस फारच खचलेला असेल तर पहिल्या दिवशी फक्त रक्त आणि गळती थांबवून पोट तात्पुरतं झाकतात आणि एक-दोन दिवसांनी उरलेलं करतात; म्हणजे "दोनदा पोट फाडलं" ही चूक नसते. शिवलेली जागा गळायची भीती साधारण पाचव्या ते सातव्या दिवशी जास्त. घरी आल्यावर ताप, पोट फुगणं किंवा टाक्यांतून घाण पाणी दिसलं तर लगेच परत. खर्चाची चिंता असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजना आहेच; २०१२ मध्ये ही योजना पहिल्यांदा ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत गडचिरोली होता.

आता ते राहिलेलं. बाई येते, पदर पोटावर धरून. सोबत नवरा किंवा सासू. "न्हाणीत पडली." पडलेल्या माणसाचे हात, गुडघे, कोपर खरचटतात, लाथ खाल्लेल्या बाईचे खरचटत नाहीत, तिच्या पोटावर, बगलेत, मांडीवर वळ असतात. काही वेगवेगळ्या दिवसांचे, निळे आणि पिवळे. गरोदरपणात तर हा मार नेमका पोटावर बसतो. अशा वेळी सोबतच्याला नोंदणीच्या खिडकीवर पाठव, दार लोटून घे, आणि सरळ पण हळू विचार: "कोणी मारलं का?" ती पहिल्यांदा नाही म्हणेल. रागावू नकोस, दोन तासांनी पोट तपासायला जाशील तेव्हा पुन्हा विचार. पोटावर लाथ बसल्याचं तिने सांगितलं की तुझं निदानच बदलतं, कारण न्हाणीतल्या पडण्याने सहसा आतडं फाटत नाही, लाथेने फाटतं. एमएलसी नोंदव, तिच्याच शब्दांत लिही, वळांची मापं लिही. तिला २००५ च्या कायद्याचं, संरक्षण अधिकाऱ्यांचं, सखी केंद्राचं आणि १८१ नंबरचं सांग. तक्रार करायची की नाही ते तिने ठरवायचं. पण उपचार आणि नोंद यात तू कोणाच्या दबावाला बळी पडायचं नाही, गावचा पाटील आला तरी. लहान पोराच्या पोटावर असा मार दिसला आणि सांगितलेली गोष्ट पटत नसली तर तिथेही हेच. मला विचारशील तर या बायकांना आणि पोरांनाच सगळ्यात उशिरा दवाखान्यात आणलं जातं, कारण आणणाऱ्यालाच कारण लपवायचं असतं.

रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात हे कर. अहेरी, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या सर्जनचे नंबर मोठ्या अक्षरात लिहून ड्रेसिंग रूमच्या भिंतीवर लाव. रायल्स ट्यूब लहान-मोठ्या सगळ्या मापांत आहेत का ते स्वतः बघ. सिस्टर आणि आशाताईंना घेऊन बस आणि पोटाच्या माराचं हे सगळं त्यांच्या भाषेत सांग. आणि रात्री दोन वाजता कोणाच्या पोटावर हात ठेवून तुला ठरवता आलं नाही, तर माझी झोपमोड होईल असा विचार न करता फोन लाव.